जहाज वगळून शुद्ध हवा

मुंद्रा, न्हावा-शेवा किंवा कोची येथून युरोपकडे निघालेले मालवाहू जहाज सुएझमार्गे भूमध्य समुद्रात शिरण्याआधी त्याच्या इंजिनकक्षात इंधन बदलले जाते. अरबी समुद्रात ०.५० टक्क्यापर्यंत गंधक असलेल्या तेलावर चालणारे इंजिन तेथून पुढे ०.१० टक्क्याहून अधिक गंधक नसलेल्या तेलावर चालू लागते. हा बदल कोणत्या वेळी, कोठे असताना झाला आणि टाक्यांत किती साठा होता, याची नोंद ठेवावी लागते. कारण १ मे २०२५ पासून भूमध्य समुद्र हे गंधकासाठीचे ‘उत्सर्जन नियंत्रण क्षेत्र’ झाले आहे. परतीच्या वाटेवर हाच क्रम उलटा होतो. जहाज तेच, इंजिन तेच, खलाशीही तेच. बदलतो तो फक्त किनारा.

असा फरक का असावा, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक जण तंत्रज्ञानात किंवा पैशांत शोधतात. माझ्या मते ते आपल्या एका कायद्यातील मोजक्या शब्दांत आणि त्या शब्दांमुळे निर्माण झालेल्या प्रशासकीय पोकळीत आहे.

आधी धुराचे स्वरूप पाहू. महासागर ओलांडणाऱ्या मोठ्या जहाजाचे डिझेल इंजिन मिनिटाला जेमतेम शंभर फेरे घेते, पण त्याची शक्ती काही वेळा ८० हजार किलोवॅटपर्यंत असते. अशा इंजिनांना स्वच्छ, पातळ डिझेल लागत नाही. तेलशुद्धीकरणात पेट्रोल, केरोसीन, डिझेल काढून घेतल्यानंतर तळाशी उरणारा घट्ट काळा अवशेष तापवून पातळ केला की त्यांचे काम भागते. कच्च्या तेलातील गंधक आणि जड धातू याच अवशेषात साठलेले असतात. तो जळताना गंधकाची व नायट्रोजनची ऑक्साइडे, काजळी आणि अतिसूक्ष्म कण बाहेर पडतात. गंधकाचा वायू हवेत काही तास ते काही दिवसांत सल्फेटचे सूक्ष्म कण बनतो. जहाजांचे सुमारे ७० टक्के उत्सर्जन जमिनीपासून ४०० किलोमीटरच्या आत होते, असा अंदाज अभ्यासक अनेक वर्षे देत आले आहेत. सागरी वारा दिवसा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो, हे किनाऱ्यावरच्या कोणत्याही मच्छीमाराला ठाऊक असते. समुद्रात सोडलेला धूर समुद्रातच राहतो ही समजूत त्यामुळे सोयीची असली तरी खरी नाही.

जहाज धक्क्याला लागले की मुख्य इंजिन थांबते. धूर मात्र थांबत नाही. दिवे, पंप, शीतकपाटाचे कंटेनर आणि खलाशांची निवासव्यवस्था यांसाठी वीज लागते. ती जहाजावरची सहायक डिझेल इंजिने रात्रंदिवस निर्माण करतात; शिवाय बॉयलरही चालू असतो. मोठ्या कंटेनर जहाजाला उभे असतानाही एक मेगावॅटहून अधिक विजेची गरज भासू शकते. म्हणजे एक छोटे वीजकेंद्र वस्तीला लागून चालू असते. उत्तर चेन्नईतील कासिमेडू, कोलकात्यातील खिदिरपूर, विशाखापट्टणमची जुनी वस्ती, कोचीजवळचे वायपीन या साऱ्या जागा बंदराला खेटून आहेत. तेथे राहणारे लोक मुख्यतः गोदी कामगार, मच्छीमार, मालमोटारींचे चालक. या प्रश्नात ज्यांचे सर्वांत अधिक पणाला लागले आहे, ते हे लोक.

आरोग्यावरील परिणामांविषयी आता फारसा वाद उरलेला नाही. जहाजांच्या सूक्ष्म कणांमुळे जगात दरवर्षी सुमारे ६० हजार माणसे हृदय व श्वसनाच्या विकारांनी आणि फुप्फुसाच्या कर्करोगाने अकाली दगावतात, असा अंदाज २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने मांडला. यांतील बहुतेक मृत्यू युरोप, पूर्व आशिया आणि दक्षिण आशिया यांच्या किनाऱ्यांलगत होतात, असेही त्यात म्हटले होते. अधिक व्यापक पद्धतीने केलेल्या २०१८ च्या दुसऱ्या अभ्यासानुसार, २०२० पासून लागू होणाऱ्या कमी गंधकाच्या इंधनाने ही जीवितहानी सुमारे एक तृतीयांशाने घटणार होती. तरीही वर्षाला अडीच लाखांच्या आसपास अकाली मृत्यू उरणारच होते. हे सारे प्रतिमानांवर आधारलेले अंदाज आहेत आणि पद्धत बदलली की आकडा बदलतो. परंतु दोन्ही अभ्यासांचा रोख एकाच दिशेला आहे.

येथे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेला तिचे श्रेय द्यायला हवे. जहाजांपासून होणारे प्रदूषण रोखण्यासाठीच्या मार्पोल करारात हवेविषयीचे सहावे परिशिष्ट १९९७ मध्ये जोडले गेले आणि २००५ मध्ये ते अमलात आले. गंधकाची जागतिक मर्यादा ४.५ टक्क्यांवरून २०१२ मध्ये ३.५ टक्क्यांवर आणि १ जानेवारी २०२० रोजी ०.५० टक्क्यावर आली. ही घट मोठी आहे. पण जमिनीवरच्या इंधनाशी तुलना केली तर चित्र बदलते. भारतात १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ निकषांनुसार मोटारींच्या डिझेलमध्ये दहा लाख भागांत गंधकाचे १० भाग चालतात. जहाजाच्या इंधनात ५,००० भाग चालतात, म्हणजे पाचशेपट. भूमध्य समुद्रातील मर्यादा १,००० भागांची, म्हणजे शंभरपट आहे. राजधानी क्षेत्रातील हवेची स्थिती पाहून सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये उत्तर प्रदेश, हरियाणा व राजस्थानातील उद्योगांना फर्नेस ऑइल जाळण्यास मनाई केली. त्याच कुळातले तेल आपल्या किनारी शहरांच्या दारात विनासायास जळते.

नायट्रोजनच्या ऑक्साइडांची कथा याहून विचित्र आहे. या वायूंसाठीचे सर्वांत कडक निकष, म्हणजे तिसरी श्रेणी, केवळ घोषित नियंत्रण क्षेत्रांतच बंधनकारक आहेत. अन्यत्र दुसरी श्रेणी पुरते आणि तीत मंदगती इंजिनाला चौपटीहून अधिक वायू सोडण्याची मुभा आहे. त्यामुळे अलीकडच्या अनेक जहाजांवर धूर शुद्ध करणारे यंत्र बसवलेले असते. उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ ते चालू केले जाते आणि हिंदी महासागरात ते बंद ठेवले तरी नियमभंग होत नाही. उत्तर अमेरिका, बाल्टिक, उत्तर समुद्र, भूमध्य समुद्र अशी नियंत्रण क्षेत्रे जगात आहेत. हिंदी महासागरात असे एकही क्षेत्र नाही.

काही वर्षांपूर्वी एका किनारी शहराच्या स्वच्छ हवा आराखड्याच्या बैठकीला मी उपस्थित होतो. प्रदूषणाच्या स्रोतांचा तक्ता पडद्यावर होता: वाहने, रस्त्यावरची धूळ, बांधकामे, उद्योग, कचरा जाळणे, बेकऱ्या. बंदर खिडकीतून दिसत होते, तक्त्यात जहाज नव्हते. मी विचारले तेव्हा प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारी शांतपणे म्हणाले, “साहेब, ते आमच्याकडे येत नाही.” उत्तर टोलवाटोलवीचे वाटले म्हणून मी कायदा उघडून पाहिला. अधिकाऱ्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते.

हवा (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९८१ चे कलम १७ राज्य मंडळांना उद्योग, मोटारी आणि अन्य कोणत्याही स्रोतासाठी उत्सर्जनाचे निकष ठरवण्याचा अधिकार देते. मात्र असा स्रोत जहाज किंवा विमान नसावा, अशी अट तेथेच घातलेली आहे. ही अट त्या काळी अगदीच अनाठायी नव्हती. सागरी जहाजवाहतूक आणि प्रमुख बंदरे हे संविधानाच्या संघसूचीतील विषय आहेत. नऊ किनारी राज्यांनी जहाजांसाठी नऊ निकष ठरवले असते तर गोंधळ माजला असता. तो अधिकार केंद्राने राखून ठेवला, एवढाच त्या शब्दांचा अर्थ असावा. परंतु राखून ठेवलेला अधिकार वापरावाही लागतो. १९८१ मध्ये मार्पोल करारात हवेविषयी काहीच नव्हते. सोळा वर्षांनी ते आले, तेव्हा त्याची अंमलबजावणी जहाजवाहतूक महासंचालनालयाकडे गेली. जहाज आंतरराष्ट्रीय नियम पाळते की नाही, हे पाहणे त्यांचे काम. त्या नियमांनी आपल्या शहरांची हवा पुरेशी शुद्ध राहते की नाही, हे पाहणे त्यांच्याकडे कोणी सोपवलेले नाही. बंदर प्राधिकरण आपल्या आवारातील हवा मोजते, पण धूर कोणाचा हे ठरवत नाही. सार्वजनिक आरोग्य राज्यसूचीत आहे, म्हणजे आजारी माणसाचा भार राज्याच्या रुग्णालयावर. प्रत्येक जण आपल्या कक्षेत बरोबर असतो आणि सर्व कक्षांच्या मधली मोकळी जागा धुराने भरते. शासनात तीन दशकांहून अधिक काळ काढल्यानंतर मला वाटते की, कामचुकारपणापेक्षा अशा मोकळ्या जागांनीच आपले अधिक नुकसान केले आहे.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला येथे १९१२ हे वर्ष आठवते. कोलकात्यात १८६३ पासून आणि पुढे १९०५ च्या कायद्याने भट्ट्यांच्या धुरावर नियंत्रण आणण्याचे प्रयत्न झाले होते. मुंबई इलाख्याचा धूर-उपद्रव कायदा १९१२ चा. हे कायदे होते ते धुराड्यांतून निघणाऱ्या, डोळ्यांना दिसणाऱ्या काळ्या धुरासाठी. त्याच वर्षी डेन्मार्कमध्ये बांधलेले ‘सेलांडिया’ हे डिझेल इंजिनावर चालणारे जहाज कोपनहेगनहून बँकॉकच्या प्रवासाला निघाले. महासागर ओलांडणारे या प्रकारचे पहिले मोठे जहाज म्हणून ते गाजले. त्याला धुराडेच नव्हते, याचे बंदरोबंदरी लोकांना नवल वाटले. कायदा दिसणाऱ्या धुराशी झुंजायला सज्ज होत होता, तेव्हा धूर दिसेनासा होऊ लागला होता.

ती सवय अजून गेलेली नाही. चेन्नई बंदरातील कोळशाची धूळ घरांच्या गच्च्यांवर दिसत होती. लोक न्यायालयात गेले आणि मद्रास उच्च न्यायालयाच्या २०११ च्या आदेशानंतर कोळशाची हाताळणी एन्नोरकडे गेली. विशाखापट्टणमच्या नागरिकांचा झगडाही प्रामुख्याने धुळीशी आहे. हे योग्यच आहे. पण धक्क्यावर उभ्या जहाजाच्या धुराविरुद्ध तशी तक्रार होत नाही, कारण त्याचे कण गच्चीवर जमत नाहीत, ते फुप्फुसात खोल जातात. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातही तोच दोष शिरला आहे. त्यातील १३१ शहरांत मुंबई, नवी मुंबई, चेन्नई, कोलकाता, हल्दिया, विशाखापट्टणम, तुतिकोरिन ही बंदराची शहरे आहेत. परंतु शहरांची प्रगती मोजली जाते ती पीएम-१० या तुलनेने जाड कणांवरून. जहाजाचा धूर प्रामुख्याने पीएम-२.५ आणि त्याहून बारीक कणांचा. रस्ते झाडून आणि पाणी शिंपडून शहराला गुण मिळतात. जहाजाचा धूर कमी झाला काय किंवा वाढला काय, गुणपत्रिकेत फारसा फरक पडत नाही.

आक्षेप अनेक आहेत आणि ते ऐकून घेतले पाहिजेत. पहिला असा की, किनारी शहरांतील गंधक वायूचे प्रमाण सर्वसाधारणपणे राष्ट्रीय मर्यादेतच असते. ते खरे आहे. पण वायू सल्फेट कणांत रूपांतरित झाल्यावर तो गंधकाच्या खात्यात नव्हे, तर सूक्ष्म कणांच्या खात्यात जमा होतो आणि तेथे आपली मर्यादा वारंवार ओलांडली जाते. दुसरा आक्षेप असा की, बहुतेक शहरांत मालमोटारी, उद्योग आणि धूळ यांचा वाटा जहाजांहून मोठा आहे. तसे असण्याचीच शक्यता अधिक. परंतु ज्याचे मोजमापच तक्त्यात नाही, त्याचा वाटा लहान आहे असे म्हणणे हा निष्कर्ष नसून गृहीतक आहे.

तिसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो सर्वांत वजनदार. भारताचा सुमारे ९५ टक्के परदेश व्यापार आकारमानाने समुद्रमार्गे होतो. महागडे इंधन सक्तीचे केले तर त्याचा भार भाड्यात येईल, निर्यातदारावर पडेल, जहाजे कोलंबोकडे वळतील, अशी भीती व्यक्त होते. खुल्या समुद्रासाठी एकतर्फी सक्ती केली तर ही भीती रास्त ठरेल. धक्क्यावरच्या काही तासांच्या किंवा दिवसांच्या इंधनापुरते बोलायचे तर ती अतिशयोक्त आहे, कारण प्रवासाच्या एकूण इंधनात त्याचा वाटा अल्प असतो, तर वस्तीवरील परिणामात मोठा. इंधनाच्या उपलब्धतेची अडचणही सांगितली जाते. जहाजांच्या डिझेलला ज्वलनांकाचे वेगळे निकष लागतात हे खरे. पण गंधक काढण्याची क्षमता आपल्याकडे नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. बीएस-६ साठी आपल्या शुद्धीकरण कारखान्यांनी ती उभारली आहे आणि अशा शुद्ध डिझेलची आपण युरोपलाही निर्यात करतो.

चौथा युक्तिवाद असा की, जहाजे लवकरच हरित इंधनांवर जातील, मग आजच्या धुरासाठी एवढा खटाटोप कशाला? कार्बन आणि काजळी या दोन प्रश्नांची ही सरमिसळ आहे. सागरी संघटनेने २०५० च्या सुमारास शून्य निव्वळ उत्सर्जनाचे ध्येय ठेवले आहे. पण त्यासाठीच्या आर्थिक चौकटीवरील निर्णय ऑक्टोबर २०२५ मध्ये एक वर्षाने पुढे ढकलला गेला. जहाजाचे आयुष्य सहज पंचवीस वर्षांचे असते. आज कासिमेडूत जन्मलेले मूल हरित इंधनाची वाट पाहत लहानाचे मोठे होईल. उलट बाजूची एक गुंतागुंतही मान्य केली पाहिजे. सल्फेटचे कण सूर्यप्रकाश परावर्तित करतात, म्हणून ते घटले की तापमानवाढीला अल्पसा हातभार लागतो. पण हवा विषारी ठेवून पृथ्वी थंड राखणे हे धोरण कोणतेही शहाणे शासन स्वीकारणार नाही.

इतरांनी काय केले? युरोपीय संघाने २०१० पासून आपल्या बंदरांत उभ्या जहाजांना ०.१० टक्के गंधकाची मर्यादा घातली. २०३० पासून तेथील प्रमुख बंदरांत कंटेनर आणि प्रवासी जहाजांना किनाऱ्यावरची वीज घेणे बंधनकारक होईल. हाँगकाँगचा मार्ग आपल्याला अधिक जवळचा आहे. तेथे २०११ मध्ये जहाज कंपन्यांनी स्वेच्छेने धक्क्यावर स्वच्छ इंधन वापरण्याची सनद स्वीकारली. मग नियम सर्वांना सारखा असावा, अशी त्यांचीच मागणी पुढे आली आणि २०१५ मध्ये सक्तीचा कायदा झाला. चीनने जागतिक परवानगीची वाट न पाहता देशांतर्गत नियंत्रण क्षेत्रे जाहीर केली आणि २०१९ पासून ती संपूर्ण किनाऱ्यालगत विस्तारली. अमेरिका आणि कॅनडा यांनी २००९ मध्ये मांडलेला प्रस्ताव २०१० मध्ये स्वीकारला गेला आणि २०१२ मध्ये २०० सागरी मैलांचे क्षेत्र अमलात आले. अभ्यास तयार असेल तर तीन-साडेतीन वर्षे पुरतात.

भारतात काहीच घडत नाही असे नाही. ‘हरित सागर’ मार्गदर्शक तत्त्वे २०२३ मध्ये आली. बंदरांतील टग बोटी हरित इंधनावर नेण्याचा कार्यक्रम २०२४ मध्ये सुरू झाला. गोव्यातील मुरगाव बंदर २०२३ पासून कमी प्रदूषण करणाऱ्या जहाजांना शुल्कात सवलत देते. पण मार्गदर्शक तत्त्व आणि नियम यांत फरक असतो. तत्त्व पाळणाऱ्याचे कौतुक होते. न पाळणाऱ्याचे काही बिघडत नाही.

माझ्या दृष्टीने पुढील चार गोष्टी संसदेत नवे विधेयक न आणताही सुरू करता येतील. पहिली, मोजमाप. प्रत्येक जहाजाचे स्थान स्वयंचलित यंत्रणेने नोंदले जाते. त्याची इंजिनशक्ती आणि धक्क्यावरचे तास बंदराच्या दप्तरात असतात. त्यावरून प्रत्येक बंदराचा उत्सर्जन ताळेबंद काढून तो शहराच्या हवा आराखड्यात जोडणे हे काही महिन्यांचे काम आहे. दुसरी, धक्क्यावर ०.१० टक्क्याची मर्यादा. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ चे कलम ३ केंद्राला कोणत्याही स्रोतासाठी उत्सर्जनाचे निकष ठरवू देते. तेथे जहाज वगळलेले नाही. २०२५ मध्ये संसदेने नवा व्यापारी जहाजवाहतूक कायदा आणि १९०८ च्या जुन्या कायद्याच्या जागी नवा भारतीय बंदरे कायदा संमत केला. त्यांखालील नियम आणि बंदर-आदेश ही दुसरी वाट आहे. याच आदेशांत धूर धुऊन ते गढूळ पाणी बंदरात सोडणाऱ्या यंत्रणांवरही बंदी हवी. सिंगापूरने ती २०२० मध्येच घातली. अन्यथा हवेतील गंधक पाण्यात जाईल आणि मच्छीमाराच्या पदरी तेच पडेल.

तिसरी, किनाऱ्यावरची वीज. लहान नौकांसाठी ती सोय आहे, मोठ्या जहाजांपर्यंत ती पुरेशी पोहोचलेली नाही. दर परवडणारा नसेल तर प्लग बसवूनही कोणी जोडणार नाही, म्हणून राज्य वीज नियामक आयोगांना सोबत घ्यावे लागेल. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. आपली बहुतांश वीज अजून कोळशाची आहे आणि गंधक रोखणारी यंत्रे बसवण्याच्या बंधनातून बहुसंख्य औष्णिक केंद्रांना जुलै २०२५ मध्ये सूट देण्यात आली. चेन्नईच्या गोदीतला धूर सिंगरौलीच्या माथी मारणे हा न्याय नव्हे. ही वीज सौर आणि पवन स्रोतांशी करारानेच जोडलेली असावी.

चौथी, हिंदी महासागरातील नियंत्रण क्षेत्रासाठीचा अभ्यास आताच सुरू करणे आणि त्यात श्रीलंका, मालदीव, बांगलादेश यांना भागीदार करून घेणे. एकट्या भारताने पाऊल उचलले तर व्यापार शेजारी जाईल ही भीती तेव्हाच निष्प्रभ होईल. पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदर सुमारे ७६ हजार कोटी रुपये खर्चून उभे राहत आहे. तेथे विजेची व्यवस्था धक्क्याबरोबरच बांधली तर स्वस्त पडेल. वीस वर्षांनी धक्के फोडून बसवायची तर महाग.

आणि १९८१ च्या कायद्यातील ते शब्द? ते आज ना उद्या बदलावेच लागतील. निकष केंद्राचे असावेत, पण ते मोडले गेले तर धक्क्यावर जाऊन नमुना घेण्याचा अधिकार राज्य मंडळालाही असावा, एवढी दुरुस्ती पुरे. मधल्या काळात दुसरे, सोपे काम होऊ शकते. किनारी शहरांच्या पुढच्या हवा आराखड्यातील तक्त्यात वाहने, धूळ, बांधकामे, बेकऱ्या यांच्याखाली ‘जहाजे’ अशी एक ओळ असावी. आकडा प्रारंभी अंदाजाचा असेल, वादग्रस्तही असेल. पण ती ओळ लिहिली गेली की तिच्यापुढच्या रकान्यात जबाबदार अधिकाऱ्याचे पदनाम भरावेच लागते. माझ्या अनुभवात शासनाची बरीच कामे अशा रिकाम्या रकान्यापासूनच सुरू होतात.